नाणेघाटाकडची भिंत

रविवारी सकाळी १० वाजता पुण्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही कोकणकड्यावरचा सूर्यास्त दाखवणार होतो. एका ट्रेकिंग क्लबचा वर्धापनदिन होता. क्लबच्या जुन्या मंडळींपैकी कितीतरी जणांचे गुडघे आता गड चढू देत नाहीत. त्यांना व्हीआर हेडसेट घालून हरिश्चंद्रगडाच्या त्या कड्यावर बसवायचं, एवढाच बेत. रेंडर (संगणकाने हिशेब करून काढलेली चित्रं) माझ्या भाच्याने करायचे, देखरेख माझी. हे काम मी वीस वर्षं करते आहे.

बिघडलं ते आकाश. ते एका झटक्यात बिघडलं नाही, चोवीस तासांत थोडंथोडं बिघडत गेलं, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर थांबायला जागा होती. म्हणून मी नंतर बसून वेळा लिहून काढल्या. काही रेंडरच्या लॉगमध्ये होत्या, काही भाच्याच्या मेसेजमध्ये.

शनिवार, सकाळी १०. उरले २४ तास

डोंगरांची मांडणी आदल्या आठवड्यातच झाली होती. पायाखालचा कातळ खराखुरा त्रिमितीतला होता. लांबचे डोंगर, खालचं कोकण आणि आकाश मात्र स्कायबॉक्समध्ये जाणार होतं. स्कायबॉक्स म्हणजे बघणाऱ्याभोवतीचा एक पोकळ ठोकळा. मधोमध कॅमेरा ठेवायचा, लेन्सचा कोन बरोबर ९० अंश, चित्र चौरस. मग पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली तोंड करून सहा चित्रं काढायची आणि ती ठोकळ्याला आतून चिकटवायची. नेड ग्रीनने १९८६ साली सगळा आसमंत घनाच्या सहा बाजूंवर उतरवण्याची ही रीत मांडली. १९९७ च्या ‘क्वेक २’ या खेळातलं आकाश असंच सहा चित्रांचं होतं. बघणारा मधोमध आहे तोवर त्याला ठोकळा दिसत नाही, आकाशच दिसतं.

आम्ही सूर्यास्त निवडला नोव्हेंबरअखेरचा. हवा स्वच्छ, तिन्हीसांजेला दरीत किंचित धुरकटपणा. त्या दिवसांत हरिश्चंद्रगडावरून सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेपासून साधारण २३ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, म्हणून भाच्याने पुढची बाजू पश्चिम धरली, आणि मलाही ते सरळ वाटलं. पण पश्चिमेची बाजू दोन्हीकडे ४५-४५ अंशच जाते. म्हणजे सूर्यापासून नैर्ऋत्येचा सांधा फक्त २२ अंशांवर राहिला. हात लांब करून वीत धरली तर तेवढं अंतर. जिथे आकाश सगळ्यात वेगाने उजळत जातं, तिथेच आम्ही दोन चित्रांचा जोड आणून ठेवला होता. ठोकळा २३ अंश फिरवून सूर्य एका बाजूच्या मध्यावर घेतला असता तर तेच अंतर दुप्पट झालं असतं. दोन आकडे बदलायचं काम होतं.

दुपारी १२.३०. उरले साडेएकवीस तास

पश्चिमेचं छोटं चाचणी-चित्र आलं. सूर्याभोवती सगळं पांढरं फटफटीत. भाच्याने एक्स्पोजर दोनतीनदा हाताने खालीवर केलं. मग त्याने ‘ऑटो’ला टिक केली आणि चित्र एकदम सुंदर झालं. ढगांच्या कडांना सोनं, खाली दरीत निळसर सावली, लांबच्या रांगा एकामागे एक विरत गेलेल्या.

“मावशी, बघ आता.”

मी बघितलं आणि म्हणाले, “हेच ठेव.”

ती टिक काय करते हे मला माहीत होतं. ती चित्रात किती उजेड आहे ते मोजते आणि चित्र डोळ्यांना सोसेल, आवडेल अशा पातळीवर आणते. सूर्य असलेलं चित्र ती दाबते, सूर्य नसलेलं उचलते. एकट्या चित्रासाठी हे वरदान आहे. पण स्कायबॉक्समधलं एकही चित्र एकटं नसतं. पश्चिमेच्या चित्राचा डावा किनारा आणि दक्षिणेच्या चित्राचा उजवा किनारा ही आकाशातली एकच उभी रेघ आहे. एकाने ती दाबली आणि दुसऱ्याने उचलली, तर त्या रेघेला दोन उजेड मिळतात.

मी त्या वेळी एकच चित्र बघत होते. एकच चित्र बघताना बाकीच्या पाचांची आठवण ठेवणं हेच माझं काम होतं.

दुपारी ३.४०. उरले १८ तास २० मिनिटं

सहाही बाजू रेंडरला लावल्या. प्रत्येक बाजू २०४८ गुणिले २०४८, म्हणजे सहा मिळून अडीच कोटी पिक्सेल. फायली आठ बिटच्या पीएनजी, एक्स्पोजर आणि टोनमॅपिंग (उजेडाची मोठी व्याप्ती पडद्यावर मावेल अशी दाबणं) भाजून पक्कं केलेलं. हीदेखील चूकच. तरल आकड्यांच्या इएक्सआर फायली ठेवल्या असत्या, तर उजेड नंतर काट्यावर मोजून सहाही बाजूंना सारखाच वाढवता-घटवता आला असता. पीएनजीत जे पांढरं होऊन गेलं ते गेलंच.

संध्याकाळी ५.५५

रेंडर चालू होते म्हणून मी गच्चीवर गेले. पुण्यात त्या दिवसांत सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. बराच वेळ पश्चिमेकडे पाहिलं, मग पाठ फिरवली. पूर्वेला क्षितिजालगत राखाडी-निळा पट्टा वर चढत होता आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य बुडाला की ती पूर्वेकडून वर येऊ लागते.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढची सगळी चूक इथल्या समजुतीवर उभी आहे. खरं आकाश सगळीकडे सारखं नसतं. सूर्याजवळ ते सगळ्यात उजळ, सूर्यापासून साधारण काटकोनात गेलं की सगळ्यात गडद निळं, आणि पुन्हा क्षितिजाकडे थोडं फिकट. पश्चिम आणि पूर्व यांच्या उजेडात प्रचंड फरक असतो आणि तो असायलाच हवा. म्हणून स्कायबॉक्सच्या बाजूंचा उजेड जुळवायचा म्हणजे सगळ्या बाजू सारख्या उजळ करायच्या, हा अर्थ साफ चुकीचा आहे. बाजू वेगळ्याच राहिल्या पाहिजेत. जुळायला हवेत ते किनारे. घनाला १२ किनारे असतात, आमच्या प्रत्येक किनाऱ्यावर २०४८ पिक्सेलच्या जोड्या होत्या, आणि त्यांतली प्रत्येक जोडी एकमेकींना लागून अशी बसायला हवी की मधला सांधा शोधूनही सापडू नये.

गच्चीवर मी पश्चिमेकडून पूर्वेकडे सावकाश मान फिरवली. उजेड कुठे बदलला ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. खाली येऊन मी ते विसरले.

रात्री ८.५०. उरले १३ तास १० मिनिटं

रेंडर संपले. लागलेला वेळ ५ तास १० मिनिटं. हा आकडा पुढे पुन्हा येणार आहे.

भाच्याने सहाही चित्रं एका पानावर मांडली, दोन ओळींत तीन-तीन, मध्ये पांढऱ्या फटी. “सहाच्या सहा एक नंबर,” तो म्हणाला, आणि होतीच. दक्षिणेचं चित्र तर इतकं प्रसन्न की वॉलपेपर म्हणून लावावं. सूर्य त्यात नव्हता, त्यामुळे त्या टिकने ते छान उचललं होतं. पण मधल्या त्या पांढऱ्या फटींमुळे एकाही किनाऱ्याला शेजार मिळाला नव्हता. हीच चित्रं अधिकच्या चिन्हाच्या आकारात, फट न ठेवता एकमेकांना लावून मांडली असती, तर नैर्ऋत्येची पायरी खोलीच्या दारातूनही दिसली असती. मी वीस वर्षांत अशी मांडणी शेकडो वेळा केली आहे. त्या रात्री जेवण थंड होत होतं.

रात्री ११.१५. उरले पावणेअकरा तास

चित्रं गेम इंजिनमध्ये चढवली. लॅपटॉपच्या पडद्यावर सांध्यांवर केसाएवढी काळसर रेघ दिसली. ही जुनी ओळखीची तक्रार आहे. चित्राच्या अगदी काठावरचा पिक्सेल गाळून (फिल्टर करून) घेताना ग्राफिक्स कार्ड शेजारचा पिक्सेल शोधतं, आणि चित्र ‘रिपीट’वर असेल तर ते त्याच चित्राच्या पलीकडच्या काठावरचा रंग उचलून आणतं. उपाय एका शब्दाचा, ‘क्लॅम्प’. घनाच्या बाजूंमध्ये आरपार गाळण्याची सोय ओपनजीएलमध्ये २००९ सालच्या ३.२ आवृत्तीपासून आहे, पण आमची सहा चित्रं सुटी होती, म्हणून क्लॅम्प. भाच्याने सेटिंग बदललं. रेघ गेली.

आणि माझ्या मनात सांध्याचा प्रश्न मिटला. या रात्रीतली माझ्या लेखी सगळ्यात मोठी चूक हीच.

सांध्याची दुखणी वेगवेगळी असतात आणि ती दिसतातही वेगवेगळी. बारीक रेघ दिसली तर दोष चित्र चिकटवण्यात आहे. ढग किंवा डोंगराची रेषाच तुटली, एक तुकडा वर आणि एक खाली, तर कॅमेऱ्याचा कोन ९० नाही किंवा एखादी बाजू फिरून बसली आहे. वरची बाजू नेहमी याच कारणाने छळते. आकार बरोबर जुळतात पण उजेडाची पायरी पडते, तर एक्स्पोजर. पायरी आकाशात नाही, फक्त जमिनीवर आणि ढगांच्या पोटात आहे, तर परावर्तित उजेडाचा हिशेब. पायरी फक्त सूर्याच्या आसपास आहे, तर झळाळी. आमच्याकडे यांतली चार दुखणी एकदम होती. सगळ्यात क्षुल्लक होतं त्याच्यावर औषध लागू पडलं आणि मी रोगी बरा झाला असं धरून चालले.

रविवार, मध्यरात्रीनंतर १.४०. उरले ८ तास २० मिनिटं

आवराआवर करताना भाच्याने माउसने दृश्य डावीकडे फिरवलं आणि थांबला. “मावशी, हे काय आहे?”

नैर्ऋत्येला आकाशात उभी पायरी. उजवीकडे सोनेरी-तपकिरी, डावीकडे त्याहून चक्क उजळ, आणि मध्ये फूटपट्टीने आखावी तशी सरळ कड. सूर्यापासून दूर जाताना आकाश मंद व्हायला हवं, आमचं आकाश सांधा ओलांडला की पुन्हा उजळत होतं. मी दोन्ही बाजूंचा एकाच उंचीवरचा पिक्सेल तपासला. पश्चिमेच्या किनाऱ्यावर लाल रंगाचा आकडा १४२, दक्षिणेच्या किनाऱ्यावर १७१. अशा धारदार सीमेवर एक-दोन टक्क्यांचा फरकही माणसाच्या डोळ्याला कळतो. हा फरक झाकून राहणारा नव्हता.

दुपारची टिक मला तेव्हाच आठवली. उपाय समोर होता: टिक काढायची, सहाही बाजूंना एकच एक्स्पोजर द्यायचं आणि पुन्हा रेंडर लावायचे. हातात ८ तास २० मिनिटं होती, रेंडरला ५ तास १० मिनिटं लागत होती. वेळ पुरत होता.

मी म्हणाले, “फोटोशॉपमध्ये जुळवून टाकू.”

मध्यरात्र ते पहाट

दक्षिणेची बाजू खाली आणली. नैर्ऋत्य जुळली, पण आग्नेयेला दक्षिण आणि पूर्व यांच्यात नवी पायरी पडली. पूर्व खाली आणली, तर ईशान्येला. उत्तर खाली आणली, तर वायव्येला पश्चिमेशी भांडण, कारण पश्चिमेला तर हात लावलेलाच नव्हता. डोकं झाकलं तर पाय उघडे. चारही बाजूंची साखळी गोल असते. एका सांध्यावरची चूक ढकलत नेली की ती फिरून शेवटच्या सांध्यावर येऊन उभी राहते. शिवाय वरच्या बाजूचे चार किनारे चौघींशी एकदम जुळायला हवेत, आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन बाजू एकत्र येतात. तिथे दोघींची समजूत काढली की तिसरी रुसते.

त्यातही एकच आकडा वजा करून भागत नव्हतं. टोनमॅपिंग सरळ रेषेत चालत नाही, उजळ भाग जास्त दाबतं आणि गडद भाग कमी. त्यामुळे सांध्याच्या वरच्या टोकाला जुळलेला रंग खाली धुरकट भागात पुन्हा सुटत होता. मी कर्व्ह काढत राहिले. भाचा दर दहा मिनिटांनी इंजिनमध्ये टाकून बघत होता आणि दरवेळी “थोडं बरं आहे” म्हणत होता. रात्री दोननंतर “थोडं बरं” या शब्दांवर कुणी विश्वास ठेवू नये.

साडेतीनला मी शेवटचा मार्ग धरला. सांध्याच्या दोन्ही अंगांना ६४ पिक्सेलचा फेदर मारला, म्हणजे धारदार पायरीच्या जागी हळूहळू उतरणारी घसरण. लॅपटॉपवर पायरी नाहीशी झाली. भाच्याने सुस्कारा सोडला.

त्या ६४ पिक्सेलचा हिशेब मी तेव्हा केला नाही, नंतर केला. घनाच्या किनाऱ्यावर ते दोन्ही बाजूंचे मिळून साडेतीन अंश होतात. पौर्णिमेचे सात चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढा रुंद पट्टा. आणि डोळा घसरणीला फसत नाही. अर्न्स्ट माखने १८६५ साली दाखवून दिलं होतं की उजेडाची घसरण जिथे सुरू होते आणि जिथे संपते, त्या दोन्ही ठिकाणी डोळा आपल्या पदरची एक उजळ आणि एक गडद रेघ घालतो. एक पायरी पुसायला जाऊन मी डोळ्याला दोन रेघा दिल्या होत्या. पंधरा इंची पडद्यावर त्या दिसल्या नाहीत. हेडसेटमध्ये आकाश डोक्यापासून पायापर्यंत असतं.

पहाटे ५. उरले ५ तास

भाचा हळूच म्हणाला, “मावशी, सरळ परत रेंडर लावूया का?”

५ तास उरले होते. रेंडरला ५ तास १० मिनिटं. त्याला नाही म्हणताना मला खूप वाईट वाटलं, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि मी ते तीन तास वीस मिनिटं आधी म्हणायला हवं होतं. पहाटे पाचला आम्ही हरलेलो नव्हतो, आम्ही हरलो होतो पावणेदोनला. दुरुस्ती जिथे चूक झाली तिथे जाऊन करायची असते हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. त्या रात्री मला ते पाच तासांचे रेंडर लांब वाटले आणि फोटोशॉप हाताशी होतं.

सकाळी ८.३०. उरला दीड तास

हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या. बटाटेवड्यांचा वास येत होता. भाच्याने हेडसेट घातला, पश्चिमेकडे तोंड करून अर्धा मिनिट उभा राहिला, फ्रेमरेट ९० वर स्थिर आहे हे बघितलं आणि अंगठा वर केला. मी घातला नाही. माझे डोळे चुरचुरत होते आणि, खरं सांगायचं तर, मला बघायची भीती वाटत होती.

सकाळी १०

पहिले तिघे उभे राहून बघत होते. हॉलमध्ये जमिनीवर आम्ही ‘पश्चिम’ अशी पट्टी चिकटवली होती, त्यामुळे ते पश्चिमेकडे बघत राहिले. सूर्य, सोनेरी ढग, खाली कोकण. टाळ्या पडल्या. बघणाऱ्याला दिसतं ते मागच्या पडद्यावर प्रोजेक्टरनेही दिसत होतं.

१०.२५

चौथे काका. वय ७८, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांना चाकांची फिरती खुर्ची दिली. या माणसाने तरुणपणी त्या कड्यावर किती रात्री काढल्या आहेत ते क्लबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. कर्नल साईक्सला इथेच गोल इंद्रवज्र दिसलं होतं ही ट्रेकर मंडळींत सांगितली जाणारी गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली.

हेडसेट लावल्यावर ते काही बोलले नाहीत. पश्चिमेकडे बघत बसले. मग त्यांचे हात मांडीवरून खाली आले आणि खुर्चीच्या कडा धरून राहिले, कड्याच्या टोकाशी बसल्यावर माणूस दगड धरतो तसे. मला वाटलं, साधलं.

मग त्यांनी पायाने जमिनीला रेटा दिला आणि खुर्ची डावीकडे वळवली. कड्यावर बसलेला कुठलाही जुना माणूस तेच करेल. सूर्य बघून झाला की तो ओळखीची ठिकाणं शोधतो. हरिश्चंद्रगडावरून नैर्ऋत्येला जीवधन आणि नाणेघाट. काका नाणेघाट शोधत होते, आणि आमचा सांधा नेमका तिथे उभा होता.

त्यांनी उजवा हात पुढे केला. हवेत चाचपला. पुन्हा थोडं डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मागच्या पडद्यावर सगळ्या हॉलला दिसत होता तो उभा मळकट पट्टा, आभाळातून दरीच्या तळापर्यंत.

“अगं पोरी,” ते म्हणाले, “नाणेघाटाकडे भिंत कुणी घातली?”

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी वर बघितलं, जिथे तो पट्टा वरच्या बाजूला जाऊन भिडत होता आणि तीन वेगवेगळे उजेड एका कोपऱ्यात येत होते. मग हेडसेट काढून मांडीवर ठेवला.

“मला वाटलं कड्यावर आहे. ही तर खोली आहे.”

१०.४० ला आम्ही कार्यक्रम थांबवला. बत्तीस जणांची नावं यादीत होती, चौघांनी बघितलं.

रविवार दुपार ते मध्यरात्र

घरी आल्यावर झोपावं असं दोघांनाही वाटलं नाही. भाच्याने सहाही बाजू २५६ पिक्सेलच्या केल्या आणि टिक काढून रेंडर लावले. पाच मिनिटांत झाले. शनिवारी दुपारी ही पाच मिनिटं कुणीच आमच्याकडून हिरावून घेतलेली नव्हती.

एक्स्पोजर एकच दिल्यावर आकाश जुळलं. सांध्यावर दोन्हीकडे तोच आकडा आला. पण डोंगर जुळले नाहीत. नाणेघाटाच्या अंगाची जी रांग सांध्यावरून आडवी जाते तिची सावलीची बाजू पश्चिमेच्या चित्रात निळसर होती आणि दक्षिणेच्या चित्रात तांबूस. हे दुसरं दुखणं. सावलीत जो उजेड पोहोचतो तो आकाशावरून, जमिनीवरून, समोरच्या डोंगरावरून परतून आलेला असतो. तो प्रत्येक पिक्सेलसाठी मोजायचा तर रेंडर संपणारच नाहीत. म्हणून प्रोग्रॅम कॅमेऱ्याला दिसणाऱ्या दृश्यात विखुरलेले काही बिंदू मोजतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. पश्चिमेच्या कॅमेऱ्याचे बिंदू पश्चिमेच्या चौकटीत संपतात, दक्षिणेचे दक्षिणेच्या. किनाऱ्यावर दोघांकडेही पलीकडची माहिती नसते, आणि दोघांचे अंदाज वेगळे निघतात.

याला दोन औषधं होती. बिंदू मोजताना चौकटीबाहेरचा भागही हिशेबात धरायला सांगायचं, किंवा सहा चौकटी मोडूनच टाकायच्या आणि सगळं आकाश एका गोल कॅमेऱ्याने एकाच चित्रात रेंडर करायचं, मग त्यातून सहा बाजू कापून घ्यायच्या. आम्ही दुसरं केलं. ८१९२ गुणिले ४०९६, इएक्सआर. एक चित्र, एक एक्स्पोजर, परतलेल्या उजेडाचा एकच हिशेब.

तिसरं दुखणं सूर्याभोवतीच्या झळाळीचं. ती उजेडाचा भाग नव्हतीच. चित्र तयार झाल्यावर उजळ भाग पसरवून वरून लावलेली होती, त्यामुळे जुन्या चित्रांत ती चौकटीच्या किनाऱ्याशी कापल्यासारखी थांबत होती. ती रेंडरमधून काढली आणि इंजिनमध्ये लावली, जिथे ती बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढच्या सबंध दृश्यावर चालते आणि तिला ठोकळ्याच्या बाजू माहीतच नसतात.

सहा बाजू कापल्या, फट न ठेवता जोडून मांडल्या, आणि वरून कॉन्ट्रास्ट क्रूरपणे वाढवला, ढग काळे-पांढरे होईपर्यंत. सांधा असता तर तिथे दिसलाच असता. मी सावकाश नजर फिरवली. पश्चिमेकडून नैर्ऋत्येला, जीवधनावरून दक्षिणेला, मग पूर्वेला, जिथे बाजू मुद्दाम मंद ठेवली होती. कुठे बोट ठेवता येत नव्हतं. मग मी हेडसेट घातला, फिरत्या खुर्चीत बसले आणि तीनदा पूर्ण फिरले. भाचा बाजूला उभा होता, तोंडातून शब्द न काढता.

नैर्ऋत्येच्या किनाऱ्यावर तोच पिक्सेल मी शेवटी पुन्हा मोजला. पश्चिम १५६, दक्षिण १५६.

क्लबने पुढच्या रविवारी हॉल पुन्हा दिला. यादीतले अठ्ठावीस जण आले. काका त्या आठवड्यात नाशिकला मुलाकडे गेले होते, डिसेंबरअखेर परततील असं त्यांच्या मुलीने कळवलं आहे. हेडसेट चार्ज करून ठेवला आहे. खुर्ची हॉलची होती, तशीच एक आम्ही विकत आणली.